जुनं दुकानाचं क्रेडिट कार्ड सापडलंय, परत चालू करू का?

या वेळचं पत्र एका ताईंचं आहे, थोडं छोटं करून देते:

"कपाट आवरताना एका मोठ्या दुकानाचं क्रेडिट कार्ड सापडलं. सात-आठ वर्षांपूर्वी बिल करताना काउंटरवर म्हणाले होते की कार्ड घेतलंत तर आजच्या बिलावर लगेच सूट, म्हणून घेतलं. त्या दिवशी वापरलं, पैसे भरून टाकले आणि विसरले. आता वॉशिंग मशीन घ्यायचंय आणि त्याच दुकानात कार्डवाल्यांना चांगली ऑफर आहे. कार्ड घेऊन गेले तर मशीनवर डिक्लाइन. काउंटरवरचा मुलगा म्हणाला काही प्रॉब्लेम नाही मॅडम, आयडी आणि इन्कमचं प्रूफ द्या, दहा मिनिटांत रिॲक्टिव्हेट करून देतो. कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन केला तर तो नंबर अस्तित्वातच नाही. नवरा म्हणतो कापून टाक. भाऊ म्हणतो अजिबात नको, जुनं कार्ड असलं की क्रेडिट स्कोअर चांगला राहतो. पुढच्या वर्षी होम लोन घ्यायचा विचार आहे. कुणाचं ऐकू?"

ताई, सध्या दोघांचंही ऐकू नका आणि त्या काउंटरवरच्या मुलाचं तर मुळीच नको. तो मुलगा वाईट आहे असं नाही हो, त्याला टार्गेट असतं, पण तो ज्याला रिॲक्टिव्हेट म्हणतोय ते बहुतेक करून रिॲक्टिव्हेट नाहीच, नवीन कार्डाचा अर्ज आहे. चालू असलेलं खातं परत वापरायला काढताना बँक तुमची ओळख पटवते, नाव, जन्मतारीख, मोबाइल, फार तर केवायसी जुनं झालंय म्हणून आयडी आणि पत्त्याचा पुरावा मागते, ते ठीक आहे. पण पगाराची स्लिप मागितली की समजायचं की कुणीतरी तुम्हाला नव्यानं किती लिमिट द्यायचं ते बघणार आहे, आणि त्यासाठी तुमचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या सगळ्या उधारीची आणि परतफेडीची नोंद, काढणार, म्हणजे हार्ड इन्क्वायरी पडणार, उधारी मागितल्याची ही खूण रिपोर्टवर राहते आणि स्कोअर थोडा खाली येऊ शकतो. होम लोनच्या आधीच्या वर्षात ती एका वॉशिंग मशीनसाठी कशाला पाडून घ्यायची.

आता मुद्द्याचं. तुमच्या हातात जे आहे ते प्लास्टिक आहे, खातं वेगळी गोष्ट आहे, आणि लोकांचा सगळा गोंधळ इथेच होतो. प्लास्टिकची मुदत संपलेली असते पण खातं आत जिवंत असतं, असं होतं. उलटंही होतं, कार्डावर अजून दोन वर्षं छापलेली असतात आणि खातं कधीच बंद झालेलं असतं. त्यामुळे डिक्लाइन आलं यावरून काहीच कळत नाही. मुदत संपली असेल, बँकेनं वापर नाही म्हणून ब्लॉक केलं असेल, खातं बंद असेल, किंवा दुकानानं मधल्या काळात बँकच बदलली असेल. हे शेवटचं तुमच्या बाबतीत मला जास्त शक्य वाटतं, कारण कार्डामागचा फोन नंबरच गायब आहे. दुकानाचं कार्ड दुकान देत नाही ना, मागे एक बँक असते आणि दुकान आणि बँकेचा करार संपला की सगळी खाती उचलून दुसऱ्या बँकेकडे जातात, अमेरिकेत वॉलमार्ट या दुकानाची कार्डं २०१९ मध्ये अशीच सिंक्रनी बँकेकडून कॅपिटल वन बँकेकडे गेली. कधी बँकच धंदा विकते, सिटी बँकेचा भारतातला कार्डांचा धंदा २०२३ मध्ये ॲक्सिसकडे गेला तसं. तेव्हा नवीन कार्ड पोस्टानं येतात, नवीन नंबर येतो, ते सगळं तुमच्या जुन्या पत्त्यावर गेलं असेल तर तुम्हाला पत्ताच लागणार नाही.

मग खातं जिवंत आहे की नाही हे बघायचं कसं, तर फोन नंतर, आधी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढा. फुकट मिळतो. तुम्ही कोणत्या देशातून लिहिलंय ते पत्रात नाही, आमचे वाचक दोन्हीकडे आहेत म्हणून दोन्ही सांगते: भारतात सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा हे रिपोर्ट ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट घेता येतो, अमेरिकेत इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या तिघींचा रिपोर्ट आता दर आठवड्याला ऑनलाइन फुकट आहे. आपला रिपोर्ट आपणच बघितला तर स्कोअर एका पॉइंटनंही कमी होत नाही, ही भीती बऱ्याच जणांना असते, ती काढून टाका. कार्ड विकून देणाऱ्या कुठल्या तरी ॲपवरून मात्र काढू नका, भारतात कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून आणि अमेरिकेत AnnualCreditReport.com वरून काढा, नाहीतर उद्यापासून लोनचे फोन सुरू.

रिपोर्टमध्ये दुकानाचं नाव शोधत बसू नका, तिथे बँकेचं नाव असतं, कधी नव्या बँकेचं. खातं उघडल्याची तारीख तुम्हाला साधारण आठवत असेलच, त्यावरून ओळखा. मग बघायचं: खातं ओपन की क्लोज्ड, क्लोज्ड असेल तर कधी, आणि बॅलन्स किती. हा बॅलन्सचा रकाना सगळ्यात नीट बघा ताई, खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात मला काळजी वाटली ती याचीच. तुम्ही म्हणता पैसे भरून टाकले आणि विसरले. पण पहिल्या वर्षी फ्री आणि दुसऱ्या वर्षापासून वार्षिक फी असलेली कार्डं असतात, काउंटरवर सही करताना एखादं छोटं इन्शुरन्स जोडून दिलेलं असतं, त्याचा हप्ता कार्डावर पडत राहतो, तुम्ही भरत नाही कारण तुम्हाला माहीतच नाही, मग लेट फी, त्यावर व्याज, आणि स्टेटमेंट जातंय जुन्या पत्त्यावर किंवा कधीच न उघडलेल्या ईमेलवर. रक्कम किरकोळ असते पण रिपोर्टवर थकबाकी म्हणून बसते आणि होम लोनवाला नेमकं त्यावरच बोट ठेवून विचारतो. असं काही दिसलं तर ऑफर, वॉशिंग मशीन सगळं बाजूला, आधी ते निस्तरा. फी कशाची लागली ते लेखी मागा, कार्ड वापरलंच नाही म्हणून माफ करा असं सांगून बघा, बऱ्याचदा करतात, आणि मग रिपोर्टमध्येही दुरुस्ती करून घ्या. कमी पैशांत 'सेटल' करतो म्हणाले तर घाई करू नका, कारण सेटल्ड हा शब्द रिपोर्टवर राहतो आणि तो चांगला दिसत नाही, त्यापेक्षा पूर्ण भरून क्लोज्ड करून घेतलेलं बरं. बँकेनं दाद दिली नाही तर भारतात तीस दिवस थांबून रिझर्व्ह बँकेच्या ओम्बड्समनकडे, म्हणजे तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, ऑनलाइन तक्रार करता येते, अमेरिकेत सीएफपीबी या ग्राहकांच्या पैशांच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी संस्थेकडे.

आता फोन. नंबर सर्चमध्ये टाइप करून जो पहिला येईल त्यावर फोन अजिबात लावायचा नाही. खोट्या कस्टमर केअरचे नंबर वर आणून ठेवणाऱ्यांचं सगळ्यात आवडतं गिऱ्हाईक म्हणजे जुनं कार्ड चालू करू पाहणारा माणूस, कारण त्याला कार्ड नंबर, सीव्हीव्ही, ओटीपी सगळं विचारलं तरी शंका येत नाही, त्याला वाटतं ॲक्टिव्हेशनसाठीच लागत असेल. रिपोर्टमधून बँकेचं नाव कळलं ना, मग त्या बँकेच्या साइटवर स्वतः जाऊन नंबर घ्या. खऱ्या बँकेची माणसं ओटीपी तोंडी विचारत नाहीत, स्क्रीन शेअर करा म्हणत नाहीत, लिंकवरून ॲप टाका म्हणत नाहीत. यातलं काहीही झालं की फोन ठेवायचा, आणि पैसे गेलेच तर भारतात सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब कळवायचं.

खऱ्या बँकेशी बोलताना 'माझं कार्ड चालू करा' असं म्हणू नका. असं म्हटलं की समोरचा सगळ्यात सोपा रस्ता पकडतो आणि तो म्हणजे नवीन अर्जाची लिंक. त्याऐवजी विचारा की खातं ओपन आहे का. बंद असेल तर कोणत्या तारखेला आणि कुणी बंद केलं. परत उघडता येतं का, येत असेल तर जुन्या ओपनिंग डेटसकट उघडणार की नवीन खातं होणार, आणि यासाठी हार्ड इन्क्वायरी पडेल का. या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत कशालाही हो म्हणू नका, आणि जे सांगतील ते ईमेलवर मागा.

खातं ओपन निघालं तर काम सोपं आहे, पण त्यातही एक क्रम आहे. आधी मोबाइल नंबर बघा. सात-आठ वर्षांत नंबर बदलला असेल तर जुना नंबर आज दुसऱ्याच कुणाकडे असू शकतो, कंपन्या बंद पडलेले नंबर परत विकतात, म्हणजे तुमच्या कार्डाचा ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर. तो आधी बदला, मग पत्ता, मग कार्ड मागा. पत्ता बदलून लगेच कार्ड मागितलं की बँक जास्तीची चौकशी करेल, चिडू नका, चोर नेमकं तसंच करतात. अमेरिकेत तर नियमच आहे की पत्ता बदलल्यावर तीस दिवसांच्या आत नवीन कार्ड मागितलं तर बँकेनं पत्त्याचा बदल खरा आहे का ते आधी तपासायचं. आणि भारतात असाल तर कार्ड हातात आल्यावर ॲपमध्ये ऑनलाइन, टॅप करून पैसे देणं, परदेशातला वापर हे स्विच बघा, कारण २०२० पासून नियम असा आहे की ज्या कार्डावर आधी कधीच ऑनलाइन व्यवहार झाला नव्हता त्यावर ती सोय बँकेनं बंद करून टाकायची. कार्ड चांगलं असतं, स्विच बंद असतो, आणि माणूस तीनतीनदा नंबर टाकून वैतागतो.

पण मला वाटतं तुमचं खातं बंद झालेलं निघेल. इतकी वर्षं कुणी कार्ड वापरत नसेल तर बँकेला ते नकोच असतं, लिमिट अडकून राहतं, मिळकत शून्य. भारतात रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासून नियम आहे, त्यात वर्षाहून जास्त काळ कार्ड वापरलं नाही तर बँकेनं आधी ग्राहकाला कळवायचं आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर बाकी काही देणं नसल्यास खातं बंद करायचं असं आहे. तुम्हाला कळवलं असेलही, पण कुठे, ते देव जाणे. अमेरिकेत वापर नाही म्हणून बंद करताना आधी सांगायची सक्तीसुद्धा नाही. बंद होऊन थोडेच दिवस झाले असतील तर काही बँका फोनवर विनंती केली की परत उघडतात, वर्षं उलटली असतील तर ते खातं परत येत नाही, सुपरवायझर मागून, गोड बोलून, ओरडून, कशानंही नाही. मग जे मिळेल ते नवीन कार्डच, नवीन तारखेचं, त्याला कुणी रिॲक्टिव्हेशन म्हणो नाहीतर अपग्रेड म्हणो.

आता तुमच्या भावाचं म्हणणं, ते अर्धं बरोबर आहे. जुनी, नीट फेडलेली खाती असणं चांगलंच. अमेरिकेत सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या फायको या क्रेडिट स्कोअरमध्ये खाती किती जुनी आहेत याला साधारण पंधरा टक्के वजन असतं, वेळेवर पैसे भरण्याला पस्तीस आणि किती उधारी वापरताय याला तीस. म्हणजे वय हे मोठ्या दोन गोष्टींच्या बरंच मागे आहे. शिवाय नीट बंद झालेलं खातं तिथे रिपोर्टवर दहा वर्षांपर्यंत राहतं आणि तोवर त्याचं वयही मोजलं जातं, लगेच पुसलं जात नाही. कार्ड बंद झाल्याचा परिणाम लवकर दिसतो तो लिमिटमध्ये. समजा तुमच्या सगळ्या कार्डांचं मिळून लिमिट शंभर आहे, त्यात या दुकानाच्या कार्डाचं दहा, आणि तुम्ही महिन्याला तीस वापरता. आज वापर तीस टक्के. हे कार्ड गेलं की तीस भागिले नव्वद, तेहतीस टक्के. इतकाच फरक, आणि दुकानाच्या कार्डांची लिमिटं मुळात छोटीच असतात. मुख्य म्हणजे खातं तीन वर्षांपूर्वीच बंद झालं असेल तर जो काही परिणाम व्हायचा तो तीन वर्षांपूर्वीच होऊन गेलाय, आज घरात त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही, कार्ड कापलं काय आणि फ्रेम करून लावलं काय.

नवीन अर्जाचं म्हणाल तर एका इन्क्वायरीनं आभाळ कोसळत नाही. फायकोमध्ये ती एक वर्ष मोजली जाते आणि रिपोर्टवर दोन वर्षं दिसते, परिणाम थोडे पॉइंट. पण नवीन खातं आलं की खात्यांचं सरासरी वय खाली येतं, आणि होम लोन देणारा माणूस नुसता आकडा बघत नाही, अलीकडे कुठे कुठे उधारी मागितली हेही बघतो. वर्षभरात लोनसाठी जायचंच असेल तर मी तरी नवीन कार्ड घेणार नाही.

आणि ती ऑफर. ती एकदा नीट वाचा, काउंटरवर नाही, घरी आणून. दुकानाच्या कार्डावरची सूट म्हणजे बऱ्याचदा आवळा देऊन कोहळा काढायचा प्रकार असतो. या कार्डांचं व्याज जबरदस्त असतं, अमेरिकेत दुकानाच्या कार्डांवर वर्षाला तीस टक्क्यांच्या वरचे दर सर्रास दिसतात, भारतात कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के म्हटलं तर कानाला छोटं वाटतं पण वर्षाचे बेचाळीस झाले. अमेरिकेतली आणखी एक गंमत, 'अमुक महिन्यांत पूर्ण भरलंत तर व्याज नाही' अशी ऑफर असते, आणि शेवटच्या तारखेला अगदी थोडी रक्कम जरी राहिली तरी व्याज राहिलेल्या रकमेवर नाही, पहिल्या दिवसापासूनचं सगळं लागतं. भारतातल्या नो कॉस्ट ईएमआयमध्येही प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी कुठे जातो ते बघा, तो बहुतेक तुमच्याच खिशातून जातो. पूर्ण पैसे एकरकमी भरणार असाल तर सूट ती खरी सूट, हे मान्य, मग दुकानात एवढंच विचारा की हीच सूट दुसऱ्या कार्डावर किंवा मेंबरशिपवर मिळते का. बऱ्याच दुकानांत पॉइंट्सची मेंबरशिप आणि क्रेडिट कार्ड ही दोन वेगळी खाती असतात, कार्ड मेलं तरी मेंबरशिप फोन नंबरवर जिवंत असते, आणि काउंटरवर कुणी स्वतःहून हे सांगत नाही.

सगळं बघून खातं ओपन निघालं, फी काही नाही, थकबाकी नाही, तर ठेवा, दर काही महिन्यांनी एखादी छोटी खरेदी करा आणि ऑटो पे लावून टाका म्हणजे परत असं पडून राहणार नाही. पण त्याच दुकानात जाणं होत नसेल, आणि कार्ड तिथेच चालणारं असेल, तर कार्ड जगवण्यासाठी खरेदीला जायचं हे मला हास्यास्पद वाटतं. वार्षिक फी असेल तर बंदच करा.

तुमच्या मिस्टरांना सांगा, कार्ड कापल्यानं खातं बंद होत नाही. खातं ओपन असेल आणि नको असेल तर आधी देणं शून्य करायचं, मग ईमेलनं किंवा ॲपमधून बंद करायची विनंती टाकायची. भारतात देणं नसेल तर विनंतीपासून कामाच्या सात दिवसांत बंद करणं बँकेला बंधनकारक आहे, उशीर केला तर बंद होईपर्यंत दर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे असा नियम आहे, हे फोनवर नुसतं उच्चारलं तरी कामाला वेग येतो. बंद केल्याचं पत्र घ्या, दीड-दोन महिन्यांनी रिपोर्ट परत काढून क्लोज्ड दिसतंय का बघा, होम लोनच्या फाइलमध्ये तेच पत्र लागलं तर लागेल. कापायचं ते त्यानंतर, चिपवरून आणि नंबरवरून कात्री जाईल असं.

आणि उलटंही असू शकतं हं, कधी काळी वस्तू परत केल्याचे किंवा चुकून दोनदा भरलेले पैसे तुमच्याच नावावर जमा पडलेले असतात, स्टेटमेंटवर रकमेपुढे सीआर किंवा उणे चिन्ह दिसतं. ते दिसलं तर बंद करण्याच्या विनंतीतच बँक खात्याचा नंबर देऊन पैसे तिकडे पाठवा असं लिहा.